गोऱ्ह्याचे काय, ते सांगा

मे २०२१ मध्ये प्राणिहक्कांसाठी काम करणाऱ्या पेटा इंडिया या संस्थेने अमूलला पत्र लिहून सुचवले, की वनस्पतिजन्य दुधाची मागणी वाढते आहे, तेव्हा तुम्हीही त्या व्यवसायाकडे वळा. अमूलचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक आर. एस. सोढी यांनी त्याला जाहीर उत्तर दिले. दहा कोटी दूध उत्पादकांना रोजगार कोण देणार? त्यांतले सत्तर टक्के भूमिहीन आहेत, त्यांच्या मुलांची फी कोण भरणार? रसायने आणि कृत्रिम जीवनसत्त्वे घालून कारखान्यात बनवलेले महाग अन्न किती जणांना परवडणार? पुढच्या काही दिवसांत अमूलचे उपाध्यक्ष वालमजी हुंबल यांनी पेटावर बंदी घालावी अशी मागणी थेट पंतप्रधानांकडे केली.

लोकांच्या दृष्टीने वाद तिथे मिटला. महाराष्ट्रात दूधसंघांचे पुढारी आणि शेतीप्रश्नांवर लिहिणारे तेव्हापासून हेच उत्तर वापरत आले आहेत. दुधासह सगळे प्राणिजन्य पदार्थ टाळण्याचा, म्हणजे व्हीगन, विचार मांडणारी संस्था म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणारी, परक्या पैशावर चालणारी, शहरातल्या श्रीमंतांची हौस पुरवणारी. हे तिन्ही आरोप चुकीचे आहेत असे माझे म्हणणे आहे. पण आधी एक गोष्ट नोंदवतो. या संस्था दुधाविषयी वर्षानुवर्षे जो मूळ प्रश्न विचारत आल्या आहेत, त्याला या सगळ्या गदारोळात कोणीही उत्तर दिलेले नाही. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. व्यायलेल्या दोन गायींपैकी साधारण एकीला गोऱ्हा होतो. त्या गोऱ्ह्याचे पुढे काय होते?

२०१९ ची विसावी पशुगणना बघा. देशात १९.२५ कोटी गोवंश आहे आणि त्यात माद्या १४.५१ कोटी. म्हणजे नर पावणेपाच कोटींच्या आत. जन्माला येताना नर आणि मादी जवळपास सारख्याच संख्येने येतात. गाय दुधासाठी जास्त वर्षे सांभाळली जाते हे धरले, तरी एवढी दरी तेवढ्याने भरून निघत नाही. म्हशींमधली तफावत तर याहून मोठी आहे. हे नर कोणी चोरून नेले नाहीत. ते दूधधंद्याच्या पोटातच नाहीसे झाले आणि ज्याने ज्याने गोठा जवळून पाहिला आहे त्याला ते कसे, हे ठाऊक आहे.

म्हशीचे रेडकू नर निघाले की त्याच्या वाट्याला पहिले काही दिवस थोडा चीक येतो. पुढे त्याला फक्त पान्हा फुटण्यापुरते आचळाला लावायचे आणि दोन घोट गेले की ओढून बाजूला बांधायचे. वैरण खाण्याचे वय झालेले नसते, दूध मिळत नाही. काही आठवड्यांत हगवण लागते आणि ते जाते. त्याला कोणी मारलेले नसते, म्हणून कुठे गुन्हाही नोंदला जात नाही. मग म्हैस पान्हवत नाही, म्हणून मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करण्याची जुनी रीत आहे. तिच्या जागी पुढे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन आले. दूध वाढवण्यासाठी दुभत्या जनावराला अपाय करणारे असे उपाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमाने गुन्हा ठरवले आहेत. इंजेक्शनचा उल्लेख त्या कलमात नावाने आहे. संसदेला हे कलम लिहावे लागले, कारण हे प्रकार सर्रास चालत होते.

इथे हमखास सांगितले जाते, की हे परदेशातल्या मोठ्या फार्मांचे चित्र आहे. आपल्याकडे गाय घरातली असते, दूध आपल्या परंपरेत आहे. परंपरेचा हा दाखला मी गंभीरपणे घेतो, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. आपल्या जुन्या शेतीत गाय प्रामुख्याने बैलासाठी पाळली जाई. माणदेशातली खिलार गाय दूध किती देते हे कोणी विचारत नसे. तिचा गोऱ्हा कसा निघतो हे विचारत. चांगल्या खिलार खोंडाला कालवडीपेक्षा जास्त मोल होते. नांगर, मोट, गाडी सगळे त्याच्या खांद्यावर. त्या व्यवस्थेत नर वासरू हे घरातले भांडवल होते आणि त्याला पोटभर दूध पाजणे शेतकऱ्याच्या हिताचे होते. बेंदूर आणि पोळा त्या व्यवस्थेतून आले.

ती व्यवस्था आता नाही. मोटेच्या जागी विजेचा पंप आला, नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ ही संस्था उभी केली आणि होल्स्टिन-जर्सीच्या संकराने छोट्या शेतकऱ्याच्या गोठ्यात दूध वाढवले. त्यांचे काम मोठे होते, त्याने हजारो घरे उभी राहिली, यात शंका नाही. पण संकरित गोऱ्ह्याला नीट वशिंड नसते, त्याला ऊन सोसत नाही, औताला तो कोणी जुंपत नाही. जन्मल्या दिवसापासून तो खर्चाच्या बाजूला असतो. ज्या परंपरेच्या नावाने आज दुधाचा बचाव केला जातो, तिचा पाया गोऱ्हा होता. तो पाया आपणच काढून घेतला आहे, आणि वरचे दूध तेवढे परंपरेचे म्हणून ठेवले आहे.

मग २०१५ आले. महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्यात १९९५ मध्ये केलेल्या दुरुस्तीला त्या वर्षी मार्चमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. कायद्याने मारायचे नाही हे सांगितले, पण पोसायचे कोणी हे सांगितले नाही. भाकड गाय आणि निकामी गोऱ्हा विकून येणारे चार पैसे गेले. ज्या शेतकऱ्याला चारा विकत घ्यावा लागतो, त्याने अशा जनावराचे काय करावे? पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ते रात्री टेम्पोत घालून दूरच्या माळावर, घाटात, महामार्गाच्या कडेला सोडले जाते. तिथे ते उपाशी मरते, वाहनाखाली सापडते किंवा बिबट्याच्या तोंडी जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने देशी गायीला राज्यमाता-गोमाता जाहीर केले आणि गोशाळांना दर गायीमागे दिवसाला ५० रुपये देण्याचा निर्णय घेतला. तो देशी गायींसाठी आहे. दूधसंघाच्या केंद्रावर रोज ज्या संकरित गायीचे दूध जाते, तिच्या गोऱ्ह्याचे नाव त्यात कुठेही नाही.

२०१५ च्या कत्तलबंदीची झळ कोणाला बसली, तेही स्पष्ट म्हटले पाहिजे. कुरेशी समाजातल्या व्यापाऱ्यांना बसली, स्वस्त प्रथिन म्हणून ते मांस खाणाऱ्या दलित आणि मुस्लिम घरांना बसली, जनावर विकू न शकणाऱ्या शेतकऱ्याला बसली. दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसाला बसली नाही. मांस खाणारा पापी आणि दूध पिणारा निर्मळ, अशी वाटणी या राज्यात घट्ट रुजलेली आहे. व्हीगन संस्थांचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम हे, की त्यांनी ही वाटणी नाकारली. त्या दूध पिणाऱ्याला सांगतात, की खाटकाकडे गेलेले जनावर तुझ्याच पेल्यातून गेले आहे. दूध काढून घेतल्यावर नको झालेले जनावर आणि त्याचे नको असलेले वासरू हाच कत्तलखान्याचा पुरवठा आहे. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांपैकी एक आहे आणि जगात सर्वांत जास्त दूधही भारतातच होते. या दोन गोष्टी एकाच गोठ्यातून निघतात. गोरक्षकांच्या कोणत्याही संघटनेने हे वाक्य आपल्या व्यासपीठावरून इतक्या सरळपणे उच्चारलेले मी ऐकलेले नाही.

परकेपणाच्या आरोपाकडे येतो. व्हीगन सोसायटी १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केली, पेटाचा उगम अमेरिकेत झाला, हे खरे आहे. पण दुधाविषयीचा नैतिक आक्षेप काही त्यांनी आणून आपल्या दारात ठेवलेला नाही. गांधीजींनी दूध सोडले ते १९१२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर, त्यांचे सहकारी कॅलनबाख यांच्याबरोबर. कलकत्त्याच्या गोठ्यांत गायीम्हशींचा जो छळ होई, त्याविषयीचे लेखन त्यांच्या वाचनात आले होते. शेवटचा थेंब निघावा म्हणून जनावराच्या योनीत हवा फुंकण्याची जी फुंका नावाची पद्धत होती, तिची त्यांना शिसारी होती. पुढे आजारपणात, मुंबईत, डॉक्टर दलाल दूध घ्या म्हणून आग्रह धरत होते तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग सुचवला. गांधीजींनी तो पत्करला आणि व्रताची अक्षरे पाळली पण आत्मा मोडला, ही खंत आत्मकथेत लिहून ठेवली. वॉटसनची संस्था निघायच्या तीन दशके आधीची ही गोष्ट आहे. १९६० च्या कायद्यातल्या बाराव्या कलमात फुंक्याचाही नावाने उल्लेख आहे.

आजच्या संस्थांचे पाहा. मार्च २०२१ मध्ये वनस्पतिजन्य पेये दूध नाहीत असे सांगणारी जाहिरात अमूलने दिली. तिच्याविरुद्ध जाहिरात मानक परिषदेकडे तक्रारी गेल्या आणि परिषदेने त्या फेटाळल्या. तक्रार करणाऱ्यांत पेटाबरोबर ब्यूटी विदाउट क्रुएल्टी आणि शरण या दोन संस्था होत्या. शरण डॉक्टर नंदिता शहा यांनी स्थापन केलेली आहे. त्यांना याच देशाच्या राष्ट्रपतींनी नारी शक्ती पुरस्कार दिला आहे. ब्यूटी विदाउट क्रुएल्टीचे मूळ इंग्लंडचे असले तरी तिची भारतातली शाखा डायना रत्नागर यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केली आणि ती आजही पुण्यातूनच चालते. मिठाईवरचा चांदीचा वर्ख जनावरांच्या आतड्यांच्या नाहीतर कातड्याच्या थरांमध्ये ठोकून केला जातो, हे तिने वर्षानुवर्षे लोकांना सांगितले. सणासुदीला बर्फी खाणाऱ्या कट्टर शाकाहारी घरांना याची कल्पना नव्हती. २०१६ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वर्खाच्या निर्मितीत कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरू नये असा नियम केला. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली, त्या बंदीसाठी झटणाऱ्यांतही ही संस्था होती. भातखाचरातले किडे खाणारा बेडूक तेव्हा पोत्यापोत्यांनी परदेशात जात होता. त्या बंदीचा लाभ शेतकऱ्यालाच झाला. पन्नास वर्षे पुण्यात बसून असे चिकाटीचे काम करणाऱ्यांना परके म्हणायचे असेल, तर आपले कोणाला म्हणायचे ते आरोप करणाऱ्यांनी सांगावे.

आता दहा कोटी दूध उत्पादक. मी ज्या भागात वाढलो तिथे दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. ऊस वर्षातून एकदा पैसे देतो, दूध महिन्यातून तीनदा. किराणा, दवाखाना, मुलीच्या बसच्या पासची रक्कम त्यातून निघते, आणि ती बहुतेक घरांत बाईच्या कष्टाची असते. पहाटे शेण काढणारी, वैरण आणणारी, धारा काढणारी तीच. सोढींनी तिची आठवण काढली याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार ही, की तिची आठवण पेटाचे पत्र आले की येते.

जुलै २०१८ मध्ये राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने लिटरमागे पाच रुपये अनुदानासाठी मुंबईचे दूध रोखले, तेव्हा तिचा दर कोणी पाडला होता? २०२० च्या टाळेबंदीत गायीच्या दुधाला लिटरला १७ ते २० रुपये मिळू लागले. शेतकऱ्यांनी रस्त्यावर दूध ओतले, दगडाला दुधाचा अभिषेक केला. त्या वेळी शहरात पिशवीचा दर त्या प्रमाणात उतरला नव्हता. मधला पैसा बदामाचे दूध विकणाऱ्याने नेला नाही. दुधात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घनपदार्थ) यांपेक्षा पॉइंटभर कमी आले की दर कापणारे यंत्र व्हीगन संस्थेने बसवलेले नाही. दुधाची भुकटी जास्त झाली की गाय दूध कमी देत नाही, म्हणून दर पडतो. सरकी पेंड महागली तरी दर चढत नाही. आजही वनस्पतिजन्य पेयांचा वाटा या देशाच्या दूधबाजारात नगण्य आहे. तरीही दूध उत्पादक कर्जात आहे. त्याच्या पोटावर ज्यांचा पाय आहे त्यांची नावे दूधसंघांच्या वार्षिक सभांत दरवर्षी घेतली जातात, ती पेटाची नाहीत.

आणि गोऱ्ह्याचा खर्चही त्याच बाईवर टाकलेला आहे. दुधाच्या दरात पेंड धरतात, वैरण धरतात, कधी मजुरीही धरतात. नर वासराला वर्षभर पाजण्याचा आणि पुढे पोसण्याचा खर्च धरत नाहीत. तो धरला तर दुधाचा खरा भाव समोर येईल आणि तो आजच्यापेक्षा बराच जास्त असेल. आजचे स्वस्त दूध स्वस्त आहे, कारण त्यातला एक खर्च वासरू स्वतःच्या जिवाने भरते आणि दुसरा ते माळावर सोडणाऱ्या शेतकऱ्याचे मन भरते. ज्याने तो टेम्पो भरला आहे त्याला रात्री झोप लागत नाही, हे मी त्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे.

दूधधंद्याला हे कळत नाही असे मुळीच नाही. राष्ट्रीय गोकुळ मिशनखाली सरकार सॉर्टेड सिमेन, म्हणजे लिंगनिवड केलेले वीर्य, अनुदानाने देते, ज्यातून नव्वद टक्क्यांपर्यंत कालवडीच जन्माला येतात असे सांगितले जाते. हा उपाय कशावरचा आहे? गोऱ्हा जन्मालाच येऊ नये म्हणून सरकार पैसे खर्च करते, याचा अर्थ जन्मलेल्या गोऱ्ह्याला या धंद्यात जागा नाही हे सरकारनेच मान्य केले आहे. यातना कमी होणार असतील तर मी या तंत्राच्या विरोधात नाही. पण मग प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवू नका. तुम्ही त्याचा प्रश्न मान्य करून त्यावर अनुदान देत आहात.

परवडण्याचा आणि पोषणाचा मुद्दा उरतो. कॅलिफोर्नियाच्या बदामाचे दूध गरिबाला परवडत नाही, बरोबर आहे. पण व्हीगन आहार म्हणजे बदामाचे दूध नव्हे. शेंगदाणा, तीळ, नाचणी, हुलगा, सोयाबीन हे इथल्याच रानातले आहे. कोकणात आणि गोव्यात रोजच्या कालवणात नारळाचे दूध असते, सोलकढी त्याचीच. लातूर परिसरातला सोयाबीन तेल काढून पेंडीच्या रूपाने कोंबड्यांना जातो, तो माणसाच्या ताटात आणण्याचे काम एखाद्या सहकारी संघाने हाती घेतले तर त्यात शेतकऱ्याचे नुकसान कसले? बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी मात्र व्हीगन माणसाला घ्यावीच लागते, आणि हे जी संस्था सांगत नाही ती लोकांशी अप्रामाणिक आहे. पण पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने हेही दाखवले आहे, की दूध घेणाऱ्या आपल्या शाकाहारी लोकांतही बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आहे. दुधाच्या पेल्याने सगळे भरून निघते ही समजूत तिथेच तुटते.

या संस्थांकडेही माझे एक मागणे आहे. राज्याच्या शालेय पोषण आहारात २०२३ मध्ये अंडे आले. धार्मिक गटांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. कुपोषित मुलाच्या ताटातले अंडे काढणाऱ्यांच्या रांगेत व्हीगन संस्थेने कधीही उभे राहू नये. व्हीगन सोसायटीची स्वतःची व्याख्याच शक्य आणि व्यवहार्य असेल तितके असे सांगते. ज्याच्यापुढे पर्याय आहेत त्याच्याकडून सुरुवात व्हायला हवी: पनीर, चीज, आइस्क्रीम आणि मिठाईवर महिन्याला हजारो रुपये घालवणाऱ्या घरांपासून. ऊसतोड कामगाराच्या मुलापासून नव्हे. पेटाने अमूलला लिहिलेल्या पत्रात धारा काढणाऱ्या बाईशी बोलण्याची भाषा नव्हती, ते कंपनीने कंपनीला लिहावे तसे होते, आणि सोढींना टाळ्या मिळाल्या त्या त्यामुळेच. तिच्याशी बोलायचे तर मराठीत, तिच्या गोठ्यात जाऊन, तिच्या हिशेबाच्या वहीवर बोलावे लागेल.

त्या वहीत काय असावे हे दूधसंघांच्या हातात आहे. जनावरांच्या कानात आज बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आहे. कोणती गाय कधी भरवली, कधी व्यायली, याची नोंद संगणकावर होते. तेव्हा किती गोऱ्हे आणि किती नर रेडके जन्मली, सहा महिन्यांनी त्यांतली किती जिवंत होती आणि वर्षाने ती कुठे होती, हा आकडा काढणे अमूलला, गोकुळला, वारणेला, कात्रजला अवघड नाही. लिटर, फॅट आणि लाभांश यांच्या शेजारी तो पुढच्या वार्षिक अहवालात छापा आणि सभासदांपुढे ठेवा. व्हीगन संस्थांवर बंदी मागायची की त्यांना चर्चेला बोलवायचे, ते तो आकडा वाचून सभासदांनीच ठरवावे.